'समजणे' चालत नाही

आमचं कॉलेज स्वायत्त झालं आणि अभ्यासक्रम लिहिण्याचं स्वातंत्र्य माझ्या अंगावर कोसळलं. नव्या शैक्षणिक धोरणातला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय; २ क्रेडिट, म्हणजे ३० तास. विषय हौसेनं मीच सुचवला : पत्रलेखन. पहिलं उद्दिष्ट लिहिलं, 'विद्यार्थ्याला औपचारिक पत्राचं स्वरूप समजेल.'

आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या मॅडमनी कागद लाल करून परत पाठवला. "सर, 'समजणे' चालत नाही. मोजता येत नाही."

ब्लूम या अमेरिकन गृहस्थांनी १९५६ साली शिकण्याच्या सहा पायऱ्या आखल्या. २००१ साली पुढच्या मंडळींनी त्यांची क्रियापदं केली. त्यातली दुसरी पायरी चक्क 'समजणे' हीच आहे. मी ती दाखवली.

"पायरी आहे हो, पण तिच्यावर उभं राहायचं नाही. 'स्पष्ट करणे' लिहा."

मग तक्ता. प्रत्येक उद्दिष्ट पदवीच्या उद्दिष्टांशी किती जुळतं? १, २ की ३? 'मायना लिहिणे' आणि 'पर्यावरण व शाश्वतता' यांचं नातं मी अर्धा तास शोधत होतो. मायना आटोपशीर असला तर कागद वाचतो, म्हणून १ दिला.

वर्गात ६० जण, सगळे बीकॉम-बीएस्सीचे. हा विषय का घेतला? "सर, प्रॅक्टिकल आणि बसच्या मधे बसतो."

पहिल्या गृहपाठात निम्म्या पत्रांची सुरुवात एकच : 'आशा आहे की हे पत्र आपल्याला उत्तम स्थितीत सापडेल.' जणू पत्रच बेपत्ता होतं. मी म्हटलं, मोबाइलकडून लिहून घेणं बंद. खरी अडचण शोधा, खऱ्या माणसाला लिहा.

आठवड्यानं प्राचार्यांचा शिपाई एक पत्र घेऊन आला. विषय : पत्रलेखनाचा तास दुपारी २ ऐवजी सकाळी घेण्याबाबत. संदर्भ : चालू सत्राचं वेळापत्रक. मजकूर दोनच वाक्यं. जेवणानंतर झोप येते. सरांच्या आवाजानं तीत भर पडते. खाली 'आपले विश्वासू' आणि ५८ सह्या. (उरलेले दोघं बहुधा झोपले असावेत.) एक शब्द फाजील नाही. मी दहापैकी दहा दिले आणि मग समासातला प्राचार्यांचा शेरा पाहिला : 'संबंधितांनी खुलासा करावा.'

खुलासा दोन पानी झाला. देण्याआधी पहिल्या बाकावरच्या मुलीला दाखवला. तिनं पेन काढलं.

"सर, संदर्भ राहिलाय. आणि हे दुसरं पान काही समजत नाही."