ईस्टर सोमवारी संपत नाही

ईस्टर हा एका रविवारचा सण नसून पेंटेकॉस्टपर्यंतचा (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचा) 50 दिवसांचा काळ आहे, हे फादरांनी आपल्या लेखात ठासून लिहिलं ते फार बरं झालं. आपण ईस्टरआधीचा 40 दिवसांचा उपवासकाळ नेमाने पाळतो आणि आनंदाचा काळ मात्र दोन दिवसांत आटोपतो.

या काळाची खूण म्हणजे वेदीजवळची पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती. ईस्टरच्या आदल्या, जागरणाच्या रात्री तिच्यावर क्रूस, वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चार कोनांत चालू वर्षाचे आकडे कोरतात. प्रभूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे खोचतात. दरवर्षी नवी आणि एकच. एप्रिलच्या उकाड्यात पंख्याचा झोत तिच्यावर आला की ज्योत कलते, एका बाजूची कड वितळते आणि मेण ओघळून कोरलेले आकडे बुजतात. म्हणून पंखा वळवा, मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर मऊ कड बोटाने आत दाबा, काजळलेली वात कापा. पेंटेकॉस्टनंतर ही मेणबत्ती बाप्तिस्माकुंडाजवळ ठेवतात. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची मेणबत्ती तिच्यावरच पेटते, आणि अंत्यविधीत शवपेटीजवळही तीच असते.

घरी निदान एवढं करा: या दिवसांत एंजेलस या रोजच्या प्रार्थनेऐवजी रेजिना चेली ही मरियेची ईस्टरकाळातली प्रार्थना म्हणा, तीही उभ्याने.