फाटक्या आवाजाचे पैसे

मला गिटारसाठी दहा वॅटचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, हवा होता. बाकी काही नाही. आधीचा भाच्याकडून ढापलेला होता, तो गेल्या आठवड्यात 'फट्' करून गेला. म्हणून शनिवारी पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळाअलीकडे कशीबशी गाडी घुसवली आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानात शिरलो. काउंटरमागच्या पोराने मोबाइलवरची नजर न काढता विचारलं, "मुलासाठी का, काका?"

मला मुलगी आहे आणि ती कथक शिकते. पण ते राहू दे.

"नाही. माझ्यासाठी."

आता त्याने वर पाहिलं. डोक्यावरचे उरलेले केस मोजले, पोटाचा अंदाज घेतला आणि निदान केलं. "अच्छा, जुनी गाणी वाजवणार. मग तुम्हाला क्लीन टोनच लागेल."

हे वाक्य मला तेव्हा लागलं नाही. रात्री दोन वाजता लागलं. जुनी गाणी? अरे, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. अठ्ठ्याण्णव नाही! नव्वदच्या दशकात होस्टेलच्या गच्चीवर आम्ही जे काही वाजवायचो त्याने शेजारच्या मंगल कार्यालयाच्या मालकाला रक्तदाब जडला होता. डिस्टॉर्शन, म्हणजे क्लीन टोनच्या उलट गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज, ही आमच्या पिढीची इस्टेट आहे. ही पोरं ती कानात बोंडं घालून भाड्याने ऐकतात. पण यातलं एक अक्षरही मी दुकानात बोललो नाही. म्हणालो, "दाखवा."

त्याने शंभर वॅटचा दाखवला. मी दहाचा मागितला. त्याने पन्नासचा दाखवला. भाजीवालीशी घासाघीस करावी तशी वॅटची घासाघीस करत आम्ही विसावर आलो. आठ इंची स्पीकर, पुढे जाळी. मग त्याने माझ्या हातात एक गिटार दिली आणि म्हणाला, "वाजवून बघा."

गिटारच्या दुकानात चारचौघांत वाजवणं म्हणजे दाखवायच्या कार्यक्रमात "एखादं गाणं म्हण" असं सांगितलेल्या मुलीची अवस्था. घरी मला चार गोष्टी बऱ्या येतात. दुकानात मला एकच आली, तीही अर्धी. गेनचं, म्हणजे आवाज फाडायचं, बटण मी पूर्ण फिरवलं होतं, त्यामुळे ती अर्धी गोष्ट भरपूर मोठी ऐकू आली. पोराने शांतपणे हात लांब करून माझा व्हॉल्यूम कमी केला. माझ्या देखत, न विचारता.

आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

"माउली, ह्यो आवाज फाटतोय."

पांढरं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का, हातात कापडी पिशवी. मुळशीकडच्या एका गावाच्या भजनी मंडळाचे हे काका श्रावणातल्या सप्ताहासाठी 'मशीन' न्यायला आले होते. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरीखुरी काळजी होती.

"आमच्या देवळातल्या मशिनीचं आसंच झालंय. आत्ताच बदलून मागा. येकदा पावती फाडली की ह्ये लोक वळखबी देत न्हाईत."

"नाही माउली, तो फाटायलाच हवा," मी म्हणालो.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"पैसे दिऊन?"

"फाटायचे वेगळे पैसे पडतात," असं म्हणून मी काचेच्या कपाटातला हिरवा पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची डबी, दाखवला. नाव ट्यूब स्क्रीमर. गेली चाळीसहून जास्त वर्षं गिटारवाले याच्यावर जीव टाकत आलेत. सुराची लाट जास्त वर चढली की तिचा शेंडा कापायचा, एवढंच तो करतो, आणि हे काम आतले दोन बारके डायोड करतात. तसले डायोड पलीकडच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रुपया-दोन रुपयांना मिळतात. पेडलची किंमत मात्र मी माउलींना सांगितली नाही. सप्ताहाच्या आधी कुणाला धक्का देऊ नये.

माउलींनी बराच वेळ विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा फुकट फाटलाय. नेताय का?"

चेष्टा नव्हती. देवळातल्या स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, उंदराने कुरतडला होता. फेकवत नव्हता म्हणून माळ्यावर ठेवलेला. "लई बारीक कुरतडलाय. तुमच्या ह्या हिरव्या डबीपरीस झ्याक फाटतो."

मी त्यांना सांगितलं की १९६४च्या सुमारास लंडनमध्ये किंक्स नावाच्या बँडचा डेव्ह डेव्हिस हा पोरगा नेमकं हेच करून बसला होता. छोट्याशा ॲम्पच्या स्पीकरचा कोन त्याने दाढीच्या पात्याने चिरला आणि त्या फाटक्या आवाजावर गाणं रेकॉर्ड केलं.

"मंग? बापानं बडवला आसंल."

"नाही. नावाजला. जगभर."

"मंग आमचा उंदीर काय वाईट हाय?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. खरं सांगायचं तर गिटारच्या ॲम्पचा सगळा इतिहासच असा आहे. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा माणूस ड्रमचं दुकान चालवायचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि त्याच्या माणसांनी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बासमन हा ॲम्प समोर ठेवला आणि मिळतील ते पार्ट जोडून तसाच एक बनवला. तो मूळ ॲम्प बास गिटारसाठी होता, तरी गिटारवाल्यांनी आधीच पळवला होता. थोडक्यात काय, तपकीर गल्लीत जे रोज चालतं तेच. फरक इतकाच की त्याला पुढे दंतकथा म्हणाले आणि आपल्याकडे डुप्लिकेट म्हणतात.

माउलींनी आता माझ्या ॲम्पची चौकशी मनावर घेतली. "किती वॅट?"

"वीस."

त्यांना माझी कीव आली. त्यांना अडीचशे हवे होते. मी पुढे झालो आणि ज्ञान पाजळलं. वॅट दहापट केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. कानाचा हिशेबच तसा आहे, त्याचं माप म्हणजे डेसिबल. मी गुणाकार सांगतोय आणि ते मान हलवताहेत, तेवढ्यात ते मध्येच थांबले.

"म्हंजी येक टाळकरी आन् धा टाळकरी, आवाज दुप्पटच?"

"साधारण तसंच."

"खरंय की! आमच्यात चौघं वाजवत्यात, बाकीचे नुसते हालत्यात. आजवर कुणाला कळलं न्हाई." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "बुवांना सांगू नका हां ह्ये. च्या-पाणी निम्म्याचंच करत्याल."

माझ्या आयुष्यात डेसिबल इतक्या लवकर कुणालाच कळलेला नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मलाही नाही. आमच्या लहानपणी तर वॅटच्या नावाने लोक राजरोस गंडवत. टेपरेकॉर्डरवर मोठ्या अक्षरांत '३००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं. घरातल्या पाच अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर जेमतेम साडेअकराशे वॅट निघतात. उरलेले कुठून यायचे? आमचे वडील तरीही पाहुण्यांना तो आकडा वाचून दाखवायचे.

पेडलकडे वळलो तर पोरगा म्हणाला, "काका, ॲडॉप्टर वेगळा." का? त्याला नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधोमध निगेटिव्ह. घरातल्या बहुतेक ॲडॉप्टरांना मधोमध पॉझिटिव्ह असतो, म्हणून घरचा एकही चालत नाही. पेडलच्या डब्यात ॲडॉप्टर न देणं म्हणजे पुरणपोळी देऊन "तूप बाहेरून आणा" म्हणणं. हे मी मोठ्याने बोललो. दुकानात कुणी हसलं नाही.

मग माउलींची मशीन लागली. अडीचशे वॅटची. तिला 'इको' नावाचा एक खटका होता. आम्ही गिटारवाले याच गोष्टीला 'डिले' म्हणतो आणि तिच्यासाठी स्वतंत्र डबी, स्वतंत्र ॲडॉप्टर आणि बायकोशी स्वतंत्र खोटं बोलणं करतो. माउलींनी माइक हातात घेतला, खाकरले आणि डोळे मिटून म्हणाले, "रामकृष्ण हरी."

'हरी' तीनदा परत आलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी त्या परत येणाऱ्या 'हरी'साठी बरोब्बर जागा सोडली. कुणीही न शिकवता. मला हे जमायला दोन वर्षं लागली, आणि खरं तर अजूनही जमत नाही. दुकान गप्प झालं. माझा व्हॉल्यूम कमी करणाऱ्या त्या पोराने मोबाइल वर धरला आणि व्हिडिओ काढायला लागला.

मी गिटार स्टँडवर ठेवली. मत्सर वाटला, उगाच कशाला नाही म्हणू?

वीस वॅटचा ॲम्प, हिरवा पेडल आणि वेगळा ॲडॉप्टर घेऊन घरी आलो. रविवारी दुपारी चार वाजता, खिडक्या लावून, व्हॉल्यूम दोनवर ठेवून वाजवायला बसलो. नदीकाठी ढोलपथकाचा सराव चालला होता. तो आषाढापासून रोज चालतो, आणि गणपतीपर्यंत चालेल. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा कायद्यात २००० सालापासून आहे. ती नदीकाठच्या त्या ढोलांना कुणी वाचून दाखवली नसावी. उत्सवाच्या आवाजाबद्दल आमच्या सोसायटीत कुणी ब्र काढत नाही. काढला तर तुम्ही धर्माच्या विरोधात जाता. मी वर्षानुवर्षं कानात कापूस घालून शहाण्यासारखा बसतो. ढोलांचा मला रागही नाही. माझ्याही अंगात येतं. पण एकट्या माणसाने दार लावून काढलेला आवाज तेवढा बेकायदा कसा?

चार वाजून अकरा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: "बी विंगमध्ये कोणीतरी ड्रिल मशीन चालवत आहे. रविवारी ड्रिलिंगला परवानगी नाही. कृपया सहकार्य करावे."

मी हिरव्या पेडलकडे पाहिलं. पेडलचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. खरं सांगावं की काय, याचा मी पाच मिनिटं विचार केला. मग लिहिलं, "क्षमस्व. कामगाराला थांबवतो."

चौदा जणांनी अंगठे दिले. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा वेगळा मेसेज आला. पडद्याचा रॉड बसवायचाय, कामगार निघायच्या आत त्याला ड्रिल घेऊन दहा मिनिटं वर पाठवाल का?