शिक्का कुठाय, मॅडम?

शिक्का! राजपत्रावर शिक्का पाहिजे म्हणे त्यांना!

सकाळी अर्धी रजा टाकून खात्यावरचं नाव बदलायला बँकेत गेले. पिशवीत प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, लग्नाचा दाखला, दहावीची मार्कलिस्ट, आणि वर माझा नावबदल छापलेलं महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन, 'संकीर्ण सूचना व जाहिराती'. (हो, आम्ही संकीर्ण.) काउंटरवरच्या साहेबांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, पाचशेची नोट तपासावी तसा उजेडाला धरला. "ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल गॅझेट आणा." अहो, ते ऑनलाइनच निघतं, डिजिटल सही आहे बघा. "पण शिक्का कुठाय, मॅडम?" नाहीये. "मग नोटरी करून आणा." म्हणजे सरकारने छापलेलं खरं आहे, हे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेला माणूस सांगणार! शेजारच्या बाई मदतीला धावल्या. "मिस्टरांना घेऊन या ना, पटकन होईल." नाव माझं, खातं माझं. मिस्टर कशाला, शिक्का म्हणून?

२००३ साली ताटातल्या तांदळात अंगठीने नाव गिरवलं, तेव्हा नाही कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं. वैशालीची वेदिका झाले, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं, पाच मिनिटांत पेढे वाटून मोकळे. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही, हे मला चाळिशीत कळलं. तोवर अर्धे कागद माहेरचे, अर्धे सासरचे. आता वैशाली परत मिळवायची तर घाला खेटे.

मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, की लगेच 'मिसमॅच'. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे तो फॉर्म भरताना परीक्षेत कापला नाही एवढा हात कापतो. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, पण स्टॅम्पवाल्याला सांगून बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव आलं, फार छान झालं. फॉर्मवर रकाने अजून तीनच. आणि काउंटरवर सुतळीने बांधलेलं ते पेन! त्यात रिफील नसते. कधीच नसते. बांधता कशाला मग?

शेवटी तक्रारवही मागितली. स्वतःचं पेन काढून तावातावाने पानभर लिहिलं. माझी ओळख, माझा हक्क, सगळं आलं त्यात. खाली झोकात सही ठोकली.

वेदिका.

वीसेक वर्षांची सवय हो. हात मेला ऐकतोय कुठे!

साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "ह्या कोण?"

मुकाट्याने वही ओढून सही खोडली. तर म्हणे, खाडाखोड केलीत तिथे सही करा.