‘धाक असला की पोरगं व्यसनाला लागत नाही’ : त्या मेसेजला उत्तर

महिनाभरात पालकांच्या तीन ग्रुपवर मला एकच मेसेज आला. म्हणणं असं : व्यसनं हे मुंबई-पुण्याचं खूळ, आपल्या मराठवाड्यातली लेकरं त्यातली नाहीत. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ही नुसती वाफ. शाळेत ड्रग्जचं नाव काढलं की पोरांना नको ते कळतं. आणि वेळेवर दोन कानाखाली बसल्या की पोरगं वाकडं पाऊल टाकत नाही. मी लातुरात नववी-दहावीला शिकवतो. हा मेसेज वाचून आईबाप निर्धास्त होतात, याची मला भीती वाटते.

खूळ मुंबई-पुण्याचं? ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठणमध्ये छापे टाकले. कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन मिळून 250 कोटींच्या वरचा माल निघाला. पण लेकरांपर्यंत पोचते ती नशा याहून फार स्वस्त असते. संभाजीनगरात ज्यांना ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या घ्या. नायट्राझेपामसारख्या या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला प्रत्येक विक्रीची नोंद 3 वर्षं जपावी लागते, तरी त्या पोरांच्या हातात दिसतात. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर तर गावोगावी मिळतं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत अशी हुंगायची नशा करणारे मोठ्यांत 0.58 टक्के निघाले, 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांतच जास्त आढळलेली ही एकच नशा.

आता व्हेप. एकाच्या कंपासपेटीत पेनड्राइव्हसारखी निळी वस्तू सापडली. टोपण काढलं तर पिकल्या आंब्याचा वास. ‘‘सर, ह्यात तंबाखू नाही हो,’’ तो अगदी मनापासून म्हणाला. तंबाखू नसते हे खरं, पण त्या द्रवात बहुतेक वेळा निकोटीन असतंच, आणि कोवळ्या मेंदूला त्याची सवय लवकर जडते. म्हणूनच 2019 पासून देशात याची विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे.

शाळेत बोलू नये, यात अर्धं तथ्य आहे. वर्षातून एकदा पाहुणे बोलवायचे, सडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवायची, शपथ घ्यायची, याचा उपयोग होत नाही. अमेरिकेत 1983 साली पोलिसांना वर्गात पाठवून सुरू केलेला ‘डेअर’ कार्यक्रम अभ्यासांत असाच फोल ठरला. उपयोग होतो तो सरावाचा. मित्राने ‘एक झुरका मार, काय होतंय’ म्हटल्यावर नेमकं काय बोलायचं, हे पोरांनी वर्गात एकमेकांसमोर बोलून बघायचं. ड्रग्जची नावं त्यांना आपल्या आधीच माहीत असतात.

राहिला धाक. तो विकणाऱ्याला बसवा. लेकराला दारू, तंबाखू, नशेचं काही देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरी कुठली हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं, तक्रार कुणी देत नाही.

एका वडिलांनी शाळेच्या गेटवरच मुलाला मारलं. खिशात गोळ्यांची पट्टी सापडली होती. पोरगं रडलं नाही. निसटलेली चप्पल पायात घातली आणि गाडीवर मागे बसलं. चार महिन्यांनी त्यानंच मला सांगितलं, गोळ्या बंद झाल्याच नव्हत्या, दप्तरातून मित्राच्या रूमवर गेल्या होत्या. पहिली गोळी परीक्षेच्या आधी घेतली, झोप येत नव्हती म्हणून. ‘का घेतलीस’ हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. आणि रोजच्या या गोळ्या मारून-धमकावून एकदम सोडवल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

त्याच्या आईला मी 14446 हा नंबर दिला, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. तिने स्टाफरूममधूनच फोन लावला. पोरगं शेजारच्या खुर्चीत बसलं होतं, आणि पलीकडून वय विचारलं तेव्हा उत्तर त्यानंच दिलं.