रिंगा रिंगा रोजेस आणि प्लेग: खुलासा

व्हॉट्सॲपवर परत तो मेसेज फिरतोय, की रिंगा रिंगा रोजेस हे १६६५ च्या लंडनमधल्या प्लेगचं गाणं आहे, म्हणजे रोजेस म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, पोझीज म्हणजे वास घालवायला खिशात ठेवलेली फुलं, मग शिंका आणि शेवटी सगळे मरून पडतात, म्हणून मुलांना शिकवू नका. असं काही नाहीये हो.

इंग्लंडमध्ये हे गाणं छापलेलं मिळतं ते थेट १८८१ मध्ये, केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या पुस्तकात, म्हणजे प्लेगनंतर दोनशे वर्षांनी! आणि त्यात शिंकच नाहीये, हश हश आहे, आपल्याकडे पोरं हुशा बुशा म्हणतात ना तसंच. शिंका गाण्याच्या दुसऱ्या पाठांमधे (म्हणजे वेगळ्या शब्दांच्या रूपांमधे) येतात, कित्येक पाठांमधे तर शेवटी कोणी मरत नाही, खाली बसतात किंवा वाकून नमस्कार करतात. शिवाय गाठीच्या प्लेगमधे ताप आणि काखेत-जांघेत गाठी यायच्या, शिंका हे काही त्याचं खास लक्षण नाही.

प्लेगचा हा अर्थ पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आयोना आणि पीटर ओपी या नवराबायकोने अशी गाणी आयुष्यभर गोळा केली, त्यांनाही तो पटला नव्हता. जर्मनीतही असंच गोल फिरून खाली बसायचं गाणं आहे. हा मुळात फेर धरायचा खेळ आहे, तेव्हा पोरांना बिनधास्त खेळू द्या आणि तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.