मंगळवार गहाळ आहे

सिंगापूर ते न्यूयॉर्क म्हणजे सुमारे 15,300 किलोमीटर. विमान ताशी 900 च्या आसपास उडतं. भागाकार केला तर सतरा तास. तिकिटावर मात्र साडेअठरा छापलेले असतात. हा वरचा दीड तास विमान जमिनीवर रांगण्यात, धापा टाकत वर चढण्यात आणि वाऱ्याशी हुज्जत घालण्यात घालवतं.

दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे सगळ्यात जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जाते. वैमानिक मात्र पुष्कळदा पॅसिफिकवरून नेतात. तिकडून अंतर हजारभर किलोमीटरने वाढतं, पण दहा किलोमीटर उंचीवरचा पश्चिमेकडून येणारा जोरकस वारा पाठीमागून ढकलतो आणि वेळ वाचतो. हे शेजारच्या काकांना पटेना. समोरच्या पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "बघा, टॅक्सीवाल्यासारखं लांबून फिरवतोय." मीटर नाही, तिकीट आधीच काढलंय, एवढं सांगूनही त्यांचा संशय फिटला नाही.

त्या पडद्यासारखी छळवादी वस्तू दुसरी नाही. ‘बाकी वेळ 14 तास 10 मिनिटे’ असं वाचून मी डोळे मिटले. जेवण झालं, एक सिनेमा संपला, पाय दोनदा बधिर होऊन परत ताळ्यावर आले. पाहिलं, तर विमानाचं चित्र नखभर सरकलेलं. बाहेर उणे पन्नास अंश, आत हवा इतकी कोरडी की नाकातून शिट्टी वाजते. आणि उठायचं म्हटलं तर मध्ये काका. ते आता गाढ झोपलेले.

उन्हाळ्यात दोन्ही शहरांत बरोब्बर बारा तासांचा फरक असतो, त्यामुळे काट्यांचं घड्याळ बदलावंच लागत नाही. (हिवाळ्यात तेरा. तेव्हा ही चैन नाही.) रात्री साडेबाराला सिंगापूर सोडलं की त्याच तारखेला सकाळी सातला न्यूयॉर्क! कागदावर साडेसहा तास. कंबर मात्र साडेअठराच मोजते.

येताना हिशेब व्याजासकट चुकता होतो. सोमवारी रात्री साडेदहाला न्यूयॉर्कहून निघा, बुधवारी पहाटे सव्वापाचच्या सुमारास सिंगापूर. मधला मंगळवार जमिनीवर उजाडलाच नाही. कचेरीत रजेची नोंद ठेवणाऱ्या बाईंना हे समजावताना माझी दमछाक झाली.

"मंगळवारी तुम्ही कुठे होता?"

"हवेत."

"पूर्ण दिवस?"

"तसा तो पूर्ण झालाच नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मग अर्ध्या दिवसाची टाकते."