पाणी नसलं तरी चालतं

गेल्या मे महिन्यात मी आमच्या घराच्या स्लॅबवर नऊ फूट हवाई प्रवास केला. उंची अर्धा इंच. उतरलो ते थेट बायकोच्या कुरडयांत.

हे दुखणं जुनं आहे. सातवीत असताना एका मासिकात फोटो पाहिला होता. घराएवढं एक धूड, पोटात मोटारी आणि माणसं भरलेली, समुद्रातून निघून तसंच वाळूवर चढलेलं. खाली रबराचा घोळदार परकर. त्याला इंग्रजीत खरंच स्कर्ट म्हणतात. चालवणाऱ्याला कॅप्टन नाही, पायलट म्हणतात. हॉवरक्राफ्ट! चाक नाही, रूळ नाही, रस्ता नाही. खाली हवा कोंडायची आणि त्या हवेवर बसून निघायचं.

परभणीच्या पोराला याचं वेड लागावं यात लोकांना विसंगती दिसते. मला उलट वाटतं. आख्ख्या जगातली ही एकच बोट अशी आहे, की जिला पाणी नसलं तरी चालतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी ऑफिसात हेच म्हणालो. त्यावर मला चहा कुणी पाजला नाही. मी नोकरीला पाटबंधाऱ्यात होतो, हे सांगायचं राहिलं.

हा शोध क्रिस्टोफर कॉकरेल या इंग्रज इंजिनियरचा. १९५५ साली त्यानं कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाण्याचा रिकामा डबा बसवला, दोघांमधल्या गोल फटीतून हवा सोडली आणि खाली स्वयंपाकघरातला तराजू ठेवला. नुसत्या एका डब्यातून फुंकण्यापेक्षा फटीतून आलेल्या हवेनं तराजू जास्त दाबला. (मांजराचं खाणं डब्यात मिळतं, हीच मला त्यातली जास्त अद्भुत गोष्ट वाटली होती.) चार वर्षांत, २५ जुलै १९५९ ला, पहिलं हॉवरक्राफ्ट फ्रान्समधल्या कॅलेहून निघून दोनेक तासांत इंग्लंडात डोव्हरला लागलं. स्वतः कॉकरेल त्यावर होते.

फोटोतलं ते मोटारी नेणारं धूड २००० सालच्या ऑक्टोबरात कायमचं बंद झालं. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "इंग्लंडचं होतं." तिनं आंघोळीचं पाणी काढू का विचारलं.

लोकांना समजावणं हा तर स्वतंत्र छळ. विमान का? नाही. बोट? नाही. मग ड्रोन? नाही हो. "मग भाऊ, हाय तरी काय?" शेवटी आपल्या तटरक्षक दलाकडं गुजरातच्या किनाऱ्यावर अशी हॉवरक्राफ्टं आहेत म्हणून सांगितलं, की माणूस जरा नमतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देतं?"

निवृत्त झालो आणि स्वतःच करायला घेतलं. चार फुटी चौकोनी प्लायवूड, मोंढ्यातून आणलेली ताडपत्री, तिला मधोमध सहा भोकं आणि वर घरचा कूलर उघडून काढलेला पंखा. तो काढला तेव्हा पारा ४३ वर होता. त्या आठवड्यात घरात जे तापलं, त्याला पारा पुरला नसता. एवढं करून प्लायवूड जागचं हललं नाही. कूलरचा पंखा हवा भरपूर देतो, दाब देत नाही. हॉवरक्राफ्टला दाब लागतो. तोही फार नाही, माझ्यासकट नव्वद किलोला चौरस सेंटीमीटरमागं ६ ग्रॅम. पण तेवढाही कूलरवाल्या पंख्यात नव्हता.

मग वेल्डिंगवाल्या चाचांकडून भट्टीचा जुना ब्लोअर आणला. चाचांनी विचारलं, "साब, ये पानी में चलता क्या जमीन पे?" मी म्हणालो, "दोन्हीकडं." ते माझ्या प्लायवूडकडं बघत म्हणाले, "फिलहाल तो किधरबी नै चलरा."

शेतात चाचणी घेणं शक्य नव्हतं. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सगळी हवा त्यातच जिरली असती. शिवाय तुरीच्या धसकटांनी परकर फाडला असता. म्हणून स्लॅब. सकाळी आठला खाटेखालून वायर ओढली, मधोमध बसलो, बटण दाबलं. ताडपत्री फुगली. खालून अशी धूळ उठली, की शेजारच्या काकूंनी खिडक्या लावल्या. आणि बूड हलकं झालं! पन्नास वर्षांत मी कुणाला सांगून सांगून थकलो होतो ते माझ्याच बुडाखाली घडत होतं.

एक गोष्ट मी विसरलो होतो. हवेवर बसलं की घर्षण उरत नाही, म्हणजे ब्रेकही उरत नाही. आणि गवंड्यानं "एकदम लेव्हल हाय" म्हणून दिलेल्या आमच्या स्लॅबला पन्हाळीकडं उतार आहे. हे घर बांधल्यापासून पाण्याला माहीत होतं, मला त्या दिवशी कळलं. मी आडवा सरकायला लागलो. सावकाश, एखाद्या पालखीसारखा. पाय टेकवायचं सुचलं नाही. पन्हाळीच्या अलीकडं जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत होत्या. वायर संपली, प्लग निसटला, हवा गेली, आणि मी नव्वद किलोंसह त्यांवर बसलो.

वाळलेली कुरडई मोडते तेव्हा फार नाजूक आवाज येतो. असा आवाज दीडेकशे वेळा एकदम आला.

बायको वर आली. काही बोलली नाही, हे जास्त वाईट. वाचलेल्या कुरडया वेचून दुसऱ्या कोपऱ्यात मांडल्या. दुपारी आभाळ भरून आलं आणि वळवाचा सडाका सुरू झाला. आम्ही दोघंही वर पळालो. तिनं प्लायवूडची ताडपत्री ओरबाडून काढली आणि कुरडयांवर पसरली. पाणी बरोबर सहा ठिकाणी गळायला लागलं.

ती भोकांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"अहो, पाणी नसलं तरी चालतं म्हणायले होतात ना? आता पाणी आलंय. काय करायचं ते सांगा."